तपकिरीच्या बाटलीमागे सहा दिवस

दिवस पहिला, गुरुवार : मिरज ते बीजिंग

तंबाखूशी माझं उभं वैर. मिरजेत दातांचा दवाखाना चालवायला लागून पंचवीस वर्षं झाली. त्यातला मोठा काळ मिसरीनं काळ्या पडलेल्या हिरड्या बघण्यात, गुटख्यानं तोंड उघडेनासं झालेल्या पोरांना ओरडण्यात आणि 'सोडतो की डॉक्टर, पुढच्या महिन्यापासून' हे वाक्य ऐकण्यात गेला. त्यामुळे मी तपकिरीच्या बाटल्या बघायला रजा काढून चीनला चाललेय असं सांगितल्यावर माझी सहायक हातातला ट्रे तसाच धरून बघत राहिली. "तपकिरीच्या? पेठेत मिळते की मॅडम तपकीर."

दोष माझ्या भाचीचा. ती बीजिंगला चिनी भाषा शिकते. गेल्या दिवाळीत तिनं एक फोटो पाठवला. अंगठ्यापेक्षा थोडी मोठी, पांढऱ्या जेड दगडाची बाटली, पोटावर कमळ कोरलेलं. खाली एवढंच लिहिलं होतं, "मावशी, हिच्या तोंडातून बॉलपेन जेमतेम आत जाईल. मग आतून पोखरली कशी असेल?"

दुसऱ्या कुणाला हा प्रश्न कलेचा वाटला असता. मला तो दाढेचा वाटला. अरुंद तोंडातून आत शिरायचं, दिसत काही नाही, आणि भिंतीला भोक न पाडता पोकळी रुंद करत न्यायची. हेच तर मी रोज करते. कधीकधी चुकतेही. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि मार्चमध्ये पासपोर्ट नूतनीकरणाला टाकला.

आमच्या आजोबांची डबी पितळेची होती. झाकणावर बोटानं दोनदा टकटक, मग चिमूट, मग डोळे मिटून ओढणं आणि मग परसदारापर्यंत ऐकू जाणारी शिंक. धोतराच्या सोग्याला कायम तो रंग लागलेला. त्या रंगाला आपण सरळ 'तपकिरी' म्हणतो. शाळेच्या रंगपेटीतल्या एका खडूला आपण तंबाखूचं नाव दिलंय, हे पन्नाशी उलटेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मुंबई, हाँगकाँग, बीजिंग असा प्रवास. विमानात शेजारचे गृहस्थ घोरत होते आणि मी वाचत होते. आपल्याकडे तंबाखू पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या वाटेनं आला. चीनमध्ये नाकानं ओढायची पूडही अशीच मकावचे पोर्तुगीज आणि जेसुइट पाद्री यांच्या हातून पोचली. १६८४ साली कांगशी सम्राट नानजिंगला गेला असताना तिथल्या पाद्र्यांनी काही भेटी पुढे केल्या. सम्राटानं बाकीच्या साभार परत केल्या आणि तपकीर तेवढी ठेवून घेतली. माणूस मला ओळखीचा वाटला.

युरोपात तपकीर डबीत ठेवत, आजोबांसारखीच. चीनच्या दमट हवेत डबीतली पूड गोळा व्हायची. तिथं औषधांसाठी छोट्या, घट्ट बुचाच्या बाटल्या आधीपासून होत्याच, त्याच कामाला लागल्या. बुचाला आतून हस्तिदंताचा एक बारीक चमचा जोडलेला, कान कोरायच्या काडीएवढा. अंगरख्यांना खिसे नसत, म्हणून बाटली बाहीत किंवा कमरेच्या बटव्यात. आणि तपकीर म्हणजे शौक नव्हे, औषध! सर्दीवर, डोकेदुखीवर, पोटावरसुद्धा. मिसरीनं दाढदुखी थांबते म्हणणाऱ्या माझ्या पेशंट बायका त्या दरबारात सहज खपून गेल्या असत्या.

बीजिंगला उतरले तेव्हा ऑक्टोबरातली कोरडी थंडी होती. भाची स्वेटर घेऊन आली होती. दिवस संपला.

दिवस दुसरा, शुक्रवार : राजवाडा

फॉरबिडन सिटीचं तिकीट आधी पासपोर्ट नंबर देऊन काढावं लागतं. भाचीनं काढून ठेवलं होतं. दारातून आत गेल्यावर जे दिसतं त्याचं वर्णन सगळे करतात, म्हणून मी करत नाही. भाड्यानं मांचू पोशाख घालून फोटो काढणाऱ्या मुलींची संख्या मात्र कुणी सांगितली नव्हती. दर दहा पावलांवर एक महाराणी.

आम्हाला जायचं होतं ईशान्येच्या कोपऱ्यात, खजिन्याच्या दालनाकडे. त्याचं वेगळं १० युआनचं तिकीट. हा भाग छ्येनलोंग सम्राटानं निवृत्तीनंतर राहायला बांधून घेतला. आजोबा कांगशी ६१ वर्षं गादीवर होते, त्यांच्यापेक्षा जास्त राज्य करणं बरं दिसत नाही म्हणून यानं १७९६ मध्ये गादी सोडली. सोडली म्हणजे नावापुरती. इथं राहायला तो कधी आलाच नाही. निवृत्त होऊनही ऑफिसात येऊन बसणारे साहेब सगळीकडेच असतात.

तिथं जेडचा एक डोंगर उभा आहे. अक्षरशः डोंगर. २२४ सेंटिमीटर उंच, पाच टनांच्या वर वजन, एकाच दगडाचा. त्यावर महापूर आटोक्यात आणणाऱ्या यू राजाची गोष्ट कोरलीय. कडे, झाडं, आणि कड्यांवर घण घालणारी चिमुकली माणसं. दगडात कोरलेली दगडफोडी. हा दगड पश्चिमेच्या टोकाकडून, आजच्या शिंज्यांगमधून, वर्षानुवर्षं ओढत बीजिंगला आणला, तिथून कोरायला दक्षिणेत यांगचौला नेला आणि १७८७ मध्ये काम पुरं झालं. भाची माहितीफलक वाचून दाखवत होती आणि मी त्या घणवाल्यांचे हात बघत होते. ते घण घालतायत, पण त्यांना घडवणाऱ्यानं मात्र एकही घाव घातलेला नाही.

कारण जेडला छिन्नी चालत नाही. आपण सवयीनं 'कोरलं' म्हणतो, पण खरं क्रियापद 'झिजवलं' असं हवं. कठीणपणाच्या मोहस् मापावर दातावरचं एनॅमल पाचाच्या आसपास येतं, साधं पोलाद त्याच्या जरा वर, आणि चीनचं जुनं जेड, म्हणजे नेफ्राइट, सहा ते साडेसहा. वर त्याचे आतले तंतू लोकर पिंजून गच्च दाबावी तसे एकमेकांत गुंतलेले. घाव घातला तर हत्यार बोथट होतं. म्हणून जेडपेक्षा कठीण वाळू घ्यायची, क्वार्ट्झची किंवा गार्नेटची, ती पाण्यात कालवायची आणि लोखंडी चकतीनं दगडावर घासत बसायचं. चकती फक्त वाळू फिरवते. कापते ती वाळू.

बाटल्या शोधायला अर्धा तास गेला. एका कपाटात, मुकुट आणि कंगव्यांच्या गर्दीत, आम्हाला तीन सापडल्या. समोर मोबाइल उंच केलेली माणसं आणि काचेत त्या सगळ्या मोबाइलांची प्रतिबिंबं. मी वाकून, एका डोळ्यावर हात धरून पाहिलं. मधली बाटली नदीतल्या गोट्याच्याच आकाराची होती. शिल्पकारानं आकार बदललाच नव्हता. रंग तुपासारखा. थंडीत थिजलेल्या म्हशीच्या तुपासारखा. (चिनी लोक या दगडाला बकऱ्याच्या चरबीची उपमा देतात. मी तुपावर ठाम आहे.) एका कडेला गोट्याची मूळ साल ठेवलेली, आणि ती साल तपकिरी!

अशा गोट्यांचं माहेर म्हणजे शिंज्यांगमधलं खोतान. कुनलुन पर्वतातून दोन नद्या उतरतात, युरुंगकाश आणि काराकाश, पांढऱ्या जेडची नदी आणि काळ्या जेडची नदी. हा मुलूख छ्येनलोंगनं १७५९ मध्ये जिंकला आणि त्यानंतर जेडचा ओघ दरबारात सुरू झाला. त्याआधीच्या दरबारी बाटल्या जास्त करून काचेच्या. कांगशीनं १६९६ मध्ये राजवाड्यात काचेचा कारखाना काढला होता, तोही एका जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली.

आणि याच खोतानचं जेड हिमालयाच्या अलीकडे मुघलांकडेही येत असे. शाहजहानचा मद्याचा पेला त्याचाच. मुघल कारागिरांनी पाकळीसारख्या पातळ भिंतींची भांडी केली. ती छ्येनलोंगच्या हाती लागली तेव्हा तो वेडा झाला. या कामाला त्यानं 'हिंदुस्तान'वरून पडलेलं नाव वापरलं, त्या भांड्यांवर कविता करून त्या भांड्यांवरच कोरून घेतल्या, आणि आपल्या कारागिरांना सांगितलं की असं पातळ करून दाखवा. एकाच नदीचे गोटे, एक वाट आग्र्याकडे गेली आणि दुसरी बीजिंगकडे. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मुघल जेड मी दोनदा पाहिलंय. हा धागा तेव्हा कुणी हातात दिला असता तर तिथं जास्त वेळ थांबले असते.

बाहेर पडताना भाचीनं तांगहुलू घेतलं. काडीला ओवलेली लाल आंबट फळं, वरून साखरेच्या पाकाचं काचेसारखं कवच. 'हुलू' म्हणजे भोपळा. भोपळ्याच्या आकाराच्या तपकीर-बाटल्याही पुष्कळ असतात, कारण त्या शब्दाचा उच्चार भाग्य आणि बढती या शब्दांच्या जवळ जातो. मी एक फळ खाल्लं. पाक मागच्या दाढेत अडकला. धंद्याला बरं आहे.

दिवस तिसरा, शनिवार : जुना बाजार

पानज्यायुआनचा बाजार शनिवार-रविवारी भल्या पहाटेपासून भरतो. आमच्याकडच्या जुन्या बाजाराला शंभरानं गुणा. जमिनीवर अंथरलेल्या चादरी, त्यावर माओचे बिल्ले, पितळेचे बुद्ध, डायनासोरची म्हणून अंडी. आणि तपकिरीच्या बाटल्या. शेकडो. खरं तर हजारो.

निम्म्याहून जास्त काचेच्या, आतून रंगवलेल्या. पारदर्शक बाटलीत आकड्यासारखं टोक वाकवलेला बांबूचा बारीक कुंचला घालून आतल्या बाजूनं उलटं चित्र काढायचं. हबेई प्रांतातलं हंगश्वे हे याचं आजचं मोठं केंद्र. एक मुलगा तिथं बसून मांजरीच्या मिशा काढत होता. हात विलक्षण स्थिर. मी त्याला मनातल्या मनात डेंटल कॉलेजात प्रवेश दिला. पण या बाटल्यांत तपकीर भरली तर चित्र घासून जाणार. म्हणजे ती बाटली बाटली उरलीच नाही. कौतुक केलं आणि पुढे गेले.

जेडच्या बाटल्या एका दाढीवाल्या गृहस्थांकडे होत्या. त्यांनी लाल कापडातून एक काढली. पांढरी, तपकिरी साल, वर कोरलेलं माकड घोड्यावर बसलेलं. भाची हसली. 'घोड्यावर' आणि 'लगेच' यांना चिनीत एकच शब्द. माकडाचा उच्चार सरदाराच्या पदवीसारखा. म्हणजे ही बाटली साहेबाला भेट द्यायची, "लगेच बढती मिळो". वटवाघूळ कोरलं तर सुख, कारण दोन्हींचा उच्चार एक. चिनी लोकांत चित्र बघायचं नसतं, मोठ्यानं वाचायचं असतं.

"छिंग घराण्याच्या वेळची," दाढीवाले म्हणाले. म्हणजे कांगशी आणि छ्येनलोंग यांच्या घराण्याच्या. भाव चार हजार युआन.

आता माझ्या पिशवीत काय होतं ते सांगायला हवं. दाताच्या मुळाच्या टोकाशी शस्त्रक्रिया करताना आम्ही एक अगदी छोटा आरसा वापरतो, जेमतेम तीन मिलिमीटरचा. तो आणि एक पेन-टॉर्च मी बरोबर घेतला होता. मी बूच काढलं, खाली बसले, आणि सवयीनं डावा हात बाटलीच्या 'हनुवटी'खाली गेला.

आत एक रेघ होती. गळ्यापासून तळापर्यंत सरळ, पिवळट, आणि एका ठिकाणी सुकलेल्या डिंकाचा थेंब. बाटली दोन अर्ध्या फाकांत करून चिकटवलेली होती. बाहेरचा सांधा माकडाच्या शेपटीखाली आणि घोड्याच्या पोटाखाली लपवलेला. हे काम मला मनापासून आवडलं. खोटेपणा आवडला असं नाही, पण कॅपच्या कडा हिरडीखाली लपवणारी बाई मी, मला तो हात कळला.

मी आरसा दाढीवाल्यांच्या हातात दिला. त्यांनी आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता बाटली लाल कापडात गुंडाळून ठेवली. मग भाचीला विचारलं, "या कोण? सरकारी तज्ज्ञ?"

"दाताच्या डॉक्टर."

ते इतके हसले की शेजारचे दुकानदार गोळा झाले. पुढचा तासभर माझ्यापुढे एकेक बाटली येत राहिली आणि मी बाह्यरुग्ण विभाग चालवला. एकीत हवेचे बुडबुडे, म्हणजे काच. एक उचलताच कोमट आणि हलकी, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचं काहीतरी. एक जेडची खरी, पण साल रंगवलेली. रंग नेमका बारीक भेगांत गडद साठला होता, जसा चहा दातांच्या फटीत साठतो. आणि एक जुनी, एकसंध, पिवळ्या काचेची. तिच्या आत भिंतीला चिकटून एक पुसटसा तपकिरी थर राहिलेला. मी नाक लावलं. वास गेलेला होता. पण कुणीतरी ती खरोखर वापरली होती. ८० युआनला घेतली. राजवाड्यातली सुरुवातही काचेपासूनच झाली होती, तेव्हा कमीपणा वाटायचं कारण नव्हतं.

दिवस चौथा, रविवार : रेल्वे

बीजिंग ते सुझौ, साधारण बाराशे किलोमीटर, पाच तासांच्या आत. कोल्हापूर-मुंबई आठवू नये म्हणून डोळे मिटले.

वाटेत भाचीनं तिच्या वर्गातल्या मंगोल मुलीची गोष्ट सांगितली. मंगोलियात अजून पाहुणा आला की तपकिरीच्या बाटल्यांची देवाणघेवाण होते. उजव्या हातानं द्यायची, घ्यायची, ओढायची नसेल तर नुसता वास घेऊन परत करायची. आपल्याकडे अत्तरदाणी पुढे करतात तसं. चीनमध्ये मात्र छिंग राजवट १९११-१२ मध्ये गेली, सिगारेट आली, आणि बाटल्या कपाटात गेल्या.

सुझौला पाऊस होता.

दिवस पाचवा, सोमवार : सुझौ

सोमवारी इथलं संग्रहालय बंद असतं. हे आम्ही दोघींनी, एकीनं चिनी आणि एकीनं इंग्रजी पाटी वाचून, दारात उभं राहून शोधून काढलं. भाची रडवेली झाली. मी म्हटलं, चल, गल्ल्या बघू. आणि तसं झालं हे फार बरं झालं.

सुझौचं नाव जेडकामात जुनं. १६३७ सालच्या एका तंत्रग्रंथात म्हटलंय की उत्तम जेड राजधानीत गोळा होतं, पण हात बघायचा तर सुझौचा. शहराच्या छांगमेन वेशीजवळच्या ज्वानजू गल्लीत कारागिरांची घरं दाटीनं होती, आणि छिंगच्या आधीच्या मिंग काळातला लू झगांग हा जेडचा सगळ्यात नावाजलेला कारागीर याच भागातला. त्याचं नाव इतकं चाललं की पुढच्या तीनशे वर्षांत भलत्यांनीच आपल्या कामावर त्याची सही ठोकली. छ्येनलोंगसाठी कामं इथूनच जात. आणि याच कारागिरांवर तो चिडायचाही. नक्षीचा सोस वाढवून चांगल्या दगडाची वाट लावतात, जेडवर हे संकटच आलंय, अशा अर्थाच्या कविता त्यानं केल्यात.

आता छोट्या कार्यशाळा श्यांगवांग रस्त्याच्या आसपास आहेत. एका गल्लीत, पावसात, मला माझ्या दवाखान्याचा आवाज ऐकू आला. तीच ती घूं, दगडाला टेकताच चढणारी आणि सुटताच पडणारी. पेशंटचा आवाज तेवढा नव्हता.

आत पन्नाशीचा एक माणूस, रबरी एप्रन, डोळ्याला भिंग. छताच्या खिळ्याला पाण्याची बाटली उलटी टांगलेली आणि तिची नळी सलाइनसारखी थेंब थेंब दगडावर सोडलेली. हातात मायक्रोमोटर, त्याला हिऱ्याची पूड बसवलेली बारीक बर. बर म्हणजे आमचं फिरतं टोक. फळीवर अशी दोनशे-तीनशे टोकं रोवलेली. गोल, सुईसारखी, चाकासारखी. निम्म्यांची नावं मला येत होती. जमिनीवर दुधट चिखल.

भाचीनं त्यांना 'शिफू' म्हणून हाक मारली, आपण 'उस्ताद' म्हणू तसं. मी दाताची डॉक्टर आहे हे ऐकल्यावर त्यांनी मोटर बंद केली, भिंग वर सरकवलं आणि 'आ' करून खालची डावी शेवटची दाढ दाखवली.

जगात कुठंही जा.

टॉर्च लावून पाहिलं. खोल कीड. "आत्ता भरून घ्या, नाहीतर रूट कॅनाल करावं लागेल." भाचीला रूट कॅनालचं चिनी येईना. शिफूंनी तिचे हातवारे पाहिले, मग टेबलावरची एक अर्धवट बाटली उचलून तिच्या तोंडात बोट दाखवलं. बरोबर. तेच.

आणि मग त्यांनी ते मला दाखवलं, ज्यासाठी मी घर सोडलं होतं.

आधी गोट्याला बाहेरून ढोबळ आकार. मग वरून नळीसारखं पोकळ ड्रिल सरळ खाली, तळ जेमतेम राखून. पोकळ ड्रिलमुळे मध्ये दगडाची एक कांडी उभी राहते. तिला बाजूनं हलकी टिचकी देऊन मोडून काढायची. झाली सरळ विहीर. खरं काम इथून पुढे. आता टोकाशी काटकोनात वाकलेली हत्यारं, पहिल्याची चोच जेमतेम, दुसऱ्याची थोडी लांब, तिसऱ्याची आणखी. प्रत्येक आत घालून फिरवत बाजूची भिंत झिजवत जायची. पोट रुंद करणं त्यातल्या त्यात सोपं. अवघड ते खांदे, गळ्याच्या लगेच खालचा भाग, कारण तिथं हत्यार वळायला जागाच नसते. आळशी कारागीर खांदे जाड सोडतो. बाहेरून काही कळत नाही. शिफू मधेमधे थांबून बाटली कानाशी नेत, नखानं वाजवत, मग दिव्यापुढे धरत. भिंत कुठं जाड राहिली ते उजेड सांगतो. आम्ही एक्स-रे काढतो.

वीज नव्हती तेव्हा? त्यांनी भिंतीवरचं एक छापील चित्र दाखवलं. १८९१ मध्ये ली छंगयुआन नावाच्या चित्रकारानं जेडकामाच्या एकेका पायरीची चित्रं काढून ठेवलीत, त्यातलं एक. पायानं दांड्या हाणायच्या, त्यावर चकती पुढेमागे फिरायची, एका हातात दगड, दुसऱ्यानं ओली वाळू लावत राहायची. दुसरं चित्र भोक पाडण्याचं, आणि ते बघून मी खुर्चीवरून उठलेच. बाटलीसारखी छोटी वस्तू हातात धरता येत नाही, म्हणून वीतभर उंचीचा जाड बांबू घ्यायचा, त्यात पाणी भरायचं, पाण्यावर एक फळी, आणि फळीला नेमका त्या वस्तूच्या मापाचा खळगा. वस्तू खळग्यात बसवायची. हिऱ्याच्या टोकाचं ड्रिल वरून टेकवायचं, त्याच्या शेपटावर डाव्या तळहातात धरलेली लोखंडाची छोटी वाटी दाबायची, आणि उजव्या हातानं कमान मागेपुढे ओढायची. आमच्याकडचा सुतार सामता ओढतो तसा. पाण्यामुळे दगड तापत नाही. पेशंट पक्का बसवलेला, पाण्याचा फवारा, हिऱ्याचं टोक, डाव्या हाताचा आधार. माझ्या दवाखान्यात यापेक्षा वेगळं काय आहे? विजेचं बिल.

मग त्यांनी एका वाडग्यात पाणी घेतलं आणि कपाटातून एक बाटली आणून अलगद सोडली. ती तरंगली. जरा कलली, पण तरंगली. जेड पाण्याच्या जवळपास तिप्पट जड. तरंगायचं तर आतला दोन तृतीयांशाहून जास्त दगड त्या बॉलपेनएवढ्या तोंडातून, वाळूच्या पाण्यावाटे, बाहेर आलेला असला पाहिजे. मिरजेत आम्ही भोपळ्याची पोकळी तंबोऱ्याला लावतो, पण भोपळा स्वतःच सुकून बराच पोकळ झालेला असतो. दगड काही मदत करत नाही.

ती बाटली पूर्ण साधी होती. फूल नाही, माकड नाही, वटवाघूळ नाही. मी भाचीचा दिवाळीतला फोटो काढून दाखवला. बघा, ही किती सुंदर, हिच्यावर कमळ आहे. शिफूंनी फोटो मोठा करून कमळाच्या देठावर बोट ठेवलं.

"इथं भेग असणार."

त्यांच्या धंद्यात एक म्हण आहे : भेग नसेल तर फूल कोरू नये. दगड निर्दोष असला तर त्याला हात लावायचा नसतो. गोट्यात चीर निघाली की ती जाईल तिथं देठ न्यायचा, डाग निघाला की त्याचं पान करायचं. सुझौची खासियत याच्यातली. गोट्यात काळपट, तपकिरी पट्टा असला की तो कापून टाकायचा नाही, त्याचा कडा करायचा, कड्यावर म्हातारा बसवायचा, पांढरा भाग आभाळ म्हणून मोकळा सोडायचा. अशी एक बाटली त्यांच्याकडे होती, जुनी, विकायची नसलेली. अर्ध्या नखाएवढा तपकिरी डाग, आणि त्यातून झालेला माणूस पाण्यात गळ टाकून बसलेला. गळाची दोरी म्हणजे दगडातलीच एक तपकिरी शीर. ती पाण्याच्या जागी येऊन नेमकी संपत होती. कारागिरानं दोरी कोरली नव्हती. त्यानं फक्त माणूस कुठं बसवायचा ते ठरवलं होतं.

मी ती बराच वेळ हातात धरली. आधी गार, मग हळूहळू हाताएवढी ऊबदार होत गेली. राजवाड्यातल्या काचेमागून हे कळणं शक्यच नव्हतं. पाच-सात सेंटिमीटरची ही वस्तू बोटांनी वाचायची, दिवसात वीस वेळा बाहीतून काढायची. अंगठ्याच्या जागी कोरीव कडा किंचित गुळगुळीत झाला होता.

जमिनीवरच्या चिखलात शिफूंनी काहीतरी शोधलं, नळाखाली धुतलं आणि माझ्या हातावर ठेवलं. मघाची मोडलेली कांडी. बाटलीच्या आतून निघालेला दगड, दोन सेंटिमीटरचा, एका टोकाला तिरका तुटलेला. पैसे घेतले नाहीत. मी त्यांना कागदावर दाढेचं चित्र काढून नेमकी कीड कुठं आहे ते लिहून दिलं, भाचीनं चिनीत तारीख टाकली : याच आठवड्यात.

दिवस सहावा, मंगळवार : सुझौ, शांघाय, घर

संग्रहालय उघडं मिळालं. वास्तुकार आय. एम. पेई यांनी बांधलेलं, २००६ मधलं, पांढऱ्या भिंती आणि करड्या कडा. त्यांच्या घराण्याची मुळं याच शहरातली. इमारत आतल्या वस्तूंपेक्षा जास्त लक्ष वेधते, आणि ही तक्रार आहे. मिंग-छिंग काळची नाजूक कामं बघितली, पण मी सगळीकडे भेगा शोधत होते. दुपारी शांघायची गाडी, रात्री विमान. विमानतळावर तपासणीच्या बाईनं पिवळी बाटली उघडून वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि परत दिली.

बाटली आता घरात आहे. सासूबाईंना तिच्यात अष्टगंध ठेवायचं आहे, बोलणी चालू आहेत. दगडाची कांडी दवाखान्यात, टेबलावर, प्लास्टरच्या जबड्याशेजारी ठेवलीय. परवा आरगचे एक आजोबा खुर्चीत बसता बसता तिच्याकडे बघून थबकले. उचलून उजेडात धरली, तुटलेल्या टोकावरून बोट फिरवलं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "एवढं लांब मूळ? कुणाचा काढला हा?"